खूण कुठल्या बाजूला

मिस्त्रीची वाचा गेली त्याला पाच महिने झाले होते, आणि त्या पाच महिन्यांत दुकान एक दिवसही बंद राहिलं नव्हतं. हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त खुपत होती.

सकाळी नऊच्या ठोक्याला त्याचा धाकटा भाऊ शटर वर ढकलायचा, फरशी पुसून घ्यायचा, मग मागच्या खोलीतून मिस्त्रीची चाकांची खुर्ची आणून कामाच्या टेबलापाशी, बरोबर उजेडात लावायचा. मिस्त्रीचा उजवा हात आणि उजवा पाय गेले होते. जीभ तोंडात होती, पण ती आता घास इकडून तिकडे ढकलण्यापुरतीच. डावा हात तेवढा शाबूत होता, आणि डोकं. डोकं तर पूर्वीपेक्षा जास्तच चालत होतं, कारण त्यातलं काहीच बोलण्यात खर्च होत नव्हतं.

शहरात मिस्त्री पुष्कळ होते, पण नुसतं मिस्त्री म्हटलं की लोकांना हाच आठवायचा. पाण्याचा पंप असो, गवत कापायचं यंत्र असो की झाडं तोडायची चेनसॉ, इंजिन चालू करायला सांगून हा डोळे मिटून ऐकायचा आणि इंजिन खोलायच्या आधीच आत काय मोडलंय ते सांगायचा. हातात कसब होतं तितकंच जिभेत विष होतं. गिऱ्हाईक त्याच्या कामासाठी यायचं आणि बोलणी खाऊन जायचं. पण गिऱ्हाईक आपल्या घरी जायचं. धाकट्याला जायला दुसरं घर नव्हतं.

धाकटा मिस्त्रीपेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणजे आता बावन्न वर्षांचा. एकतीस वर्षं तो भावाच्या हाताखाली राबला होता. इंजिन खोलणं, धुणं, पुसणं, बोल्ट आवळणं, सगळं त्याच्याकडे. पण पिस्टन बसवायची वेळ आली की मिस्त्री त्याला कुठेतरी पिटाळायचा. जा, चहा सांगून ये. जा, वायसर घेऊन ये. धाकटा परत येईपर्यंत सिलिंडर वर चढलेला असायचा. एकदा त्यानं धीर करून म्हटलं होतं, "दादा, मलाही एकदा बसवू दे ना." दुकानात चारपाच माणसं बसली होती. मिस्त्री त्यांच्याकडे बघत म्हणाला, "याला पिस्टन बसवायचाय. अजून स्वतःचं बूड कुठं बसवायचं ते कळत नाही." माणसं हसली. धाकटाही हसला, कारण न हसल्याबद्दल पुढे आणखी ऐकून घ्यावं लागायचं.

एका बाईशी त्याचं जुळत आलं होतं. शिवणकाम करायची, शांत होती. एका दुपारी ती त्याला भेटायला दुकानात आली, तर मिस्त्रीनं टेबलावरचे पाने एकेक उचलून धाकट्याला नंबर ओळखायला लावले, शाळेतल्या पोराला पाढे विचारावेत तसे. घाबरून धाकट्यानं दोन चुकवले. ती बाई पुन्हा आली नाही. मिस्त्री ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं चवीनं सांगायचा.

मिस्त्रीच्या बायकोच्या वाट्यालाही निराळं काही आलं नव्हतं. घर दुकानाच्या मागेच, मध्ये एक दार. सव्वीस वर्षांत त्या दाराच्या उंबरठ्यापुढे तिचं पाऊल पडलं नव्हतं. तिच्या भावाला तिनं न विचारता एक जुना पंप दिला, म्हणून मिस्त्री सात आठवडे तिच्याशी बोलला नव्हता. समोर ताट घेऊन ती उभी असताना तो धाकट्याला म्हणायचा, "तिला सांग, मीठ जास्त झालंय." धाकटा मान खाली घालून म्हणायचा, "वहिनी, मीठ." बस, तेवढंच.

मग एका सकाळी असंच धाकट्याला फैलावर घेत असताना मिस्त्रीचं तोंड वाक्याच्या मध्येच वाकडं झालं आणि तो टेबलाला धरून खाली सरकला. त्याला पाठीवर घेऊन पळत सुटला तो धाकटाच. आणि दवाखान्यात आठव्या दिवशी खाटेशी बसून ज्यानं बोलण्याची युक्ती काढली तोही धाकटाच. "दादा, मी विचारत जाईन. हो असेल तर एकदा टिचकी मार, नाही असेल तर दोनदा." मिस्त्रीनं खाटेच्या लोखंडी कडेवर नखानं एक टिचकी मारली. टक. धाकट्यानं तिथेच डोळे पुसले.

तेव्हापासून तो भावाला अंघोळ घालत होता, दाढी करत होता, भरवत होता. एकदाही त्यानं मागचं काही काढून दाखवलं नव्हतं. मिस्त्रीला ते सोसत नव्हतं. धाकट्यानं सूड उगवला असता तर त्याला समजलं असतं. या चांगुलपणाचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

अशात वखारवाली बाई आली. नदीच्या पुलापलीकडे तिची लाकडाची वखार होती. तिनं पोत्यात गुंडाळलेली एक चेनसॉ टेबलावर ठेवली आणि पोतं बाजूला केलं. मिस्त्रीनं खुर्चीतून मान पुढे काढली. इतकी जुनी करवत दुकानात दहापंधरा वर्षांत आली नव्हती. जड धातूचं अंग, रंग उडालेला, मूठ हाताच्या घामानं गुळगुळीत झालेली. बनवणारा कारखानाही कधीच बंद पडला होता.

"माझ्या वडिलांची," बाई म्हणाली. "चाळीस वर्षं हिनंच लाकूड तोडलं त्यांनी. ते गेल्यावर खुंटीलाच होती, अकरा वर्षं. नव्या कारकुनानं हौसेनं खाली काढली आणि आत नुसतं पेट्रोल ओतलं. ऑइल मिसळावं लागतं हे त्याच्या गावीच नाही. दोन मिनिटं चालली, किंचाळली आणि जाम झाली."

धाकट्यानं दोरी ओढून पाहिली. तसूभरही हलली नाही.

"ही चालू करून दिलीत ना," बाई म्हणाली, "तर वखारीतल्या सगळ्या करवती तुमच्याकडे. मिस्त्री आजारी पडल्यापासून मी दुसरीकडे देतेय, पण तिथे मन लागत नाही."

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. "दादा, घेऊ?"

टक.

मिस्त्रीनं हो म्हटलं त्यात काही कपट नव्हतं. असलं इंजिन खुलताना बघायला मिळणार, एवढंच त्याच्या मनात होतं.

धाकट्यानं साखळी उतरवली, सायलेन्सर काढला, कार्बोरेटर काढला आणि सिलिंडरचे चार बोल्ट सैल केले. सिलिंडर निघता निघेना. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत, थोडं तेल सोडत, दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघाला. आतला पिस्टन बघवत नव्हता. तेलाविना तापून त्याचं ॲल्युमिनियम चहूबाजूंनी वितळलं होतं आणि सिलिंडरच्या भिंतीला माखलं होतं. दोन्ही रिंगा खाचेतच चिकटून बसल्या होत्या. रिंग जिथे चिरलेली असते ती तोंडं कुठल्या बाजूला आहेत, माथ्यावर काही खूण होती की नव्हती, काहीच ओळखू येत नव्हतं.

"पिस्टन नवा लागणार," धाकटा म्हणाला. "सिलिंडर वाचेल?"

टक.

"ॲसिडनं साफ करू? की घासून काढू? आधी ॲसिड?"

टक.

"मग बारीक पॉलिश पेपर?"

टक.

त्यानं बाजूचं सील बोटानं दाबलं. रबर बिस्किटासारखं तुटलं. "हेही बदलू ना दादा? नाहीतर इथून हवा ओढेल आणि नवा पिस्टनही जळेल."

मिस्त्रीनं एक टिचकी मारली आणि मनात म्हणाला, गाढवाला एवढं कळतं तर. आतल्या आत त्याला बरं वाटलं होतं. टेबलावर पुन्हा त्याचं राज्य चालत होतं, हात तेवढे दुसऱ्याचे होते.

पिस्टन मिळायला तीन आठवडे लागले. धाकट्यानं ओळखीच्या सगळ्या दुकानांत विचारलं, पत्रं टाकली, फोन केले. शेवटी कुठल्याशा लांबच्या गावी धंदा बंद केलेल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर एकच सापडला, रिंगांसकट, मेणकागदात गुंडाळलेला. "दुसरा मागू नका," म्हाताऱ्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं, "जगात असलाच तर मला ठाऊक नाही."

त्या तीन आठवड्यांत दुकानात आणखी एक बदल झाला. सिलिंडर साफ करायचं काम वेळखाऊ होतं. कापसाच्या बोळ्यानं ॲसिड लावायचं, बुडबुडे येऊ द्यायचे, पुसायचं, पुन्हा लावायचं. धाकट्याला बाकीची कामं होती. एक दिवस बायको चहा द्यायला आली आणि म्हणाली, "भाऊजी, मी करू का हे? भांडी घासण्यापेक्षा काय अवघड असणार." तिनं उंबरठा ओलांडला, मिस्त्रीचंच स्टूल ओढून घेतलं आणि बसली. तिला ते काम भलतंच जमलं. ॲल्युमिनियमचा शेवटचा डाग निघाला तेव्हा तिनं सिलिंडर उजेडात धरून आत पाहिलं आणि म्हणाली, "आरशासारखा झालाय हो." धाकटा म्हणाला, "वहिनी, तुम्ही वीस वर्षांपूर्वी दुकानात यायला हवं होतं." दोघं हसली. मिस्त्रीच्या समोर हसली. त्याच्यावर नव्हती हसली, पण त्यानं काय फरक पडतो.

पिस्टन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी वखारवाली बाई चौकशीला आली. दारातूनच म्हणाली, "काय मिस्त्री, कुठवर आलं?"

मिस्त्रीनं मान वर केली. तोंडानं नाही तर नजरेनं उत्तर द्यावं, म्हणून तिच्याकडे पाहिलं. बाई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती धाकट्याशी बोलत होती.

आणि धाकटा हात पुसत म्हणाला, "आलंच बाई. रविवारी वखारीतच घेऊन येतो."

मी मिस्त्री नाही, मिस्त्री तो बसलाय, असं काही तो म्हणाला नाही. त्याला बहुतेक ऐकूही गेलं नसेल. हातात इतक्या वर्षांनी पिस्टन आलेला माणूस दुसरं काय ऐकतो? पण मिस्त्रीनं ऐकलं. ते नाव त्यानं चाळीस वर्षं घासून कमावलं होतं, आणि या बाईनं ते रस्त्यावरून जाता जाता दुसऱ्याच्या खिशात टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी धाकट्यानं टेबलावर स्वच्छ फडकं पसरलं. बायकोनं हातात दिवा धरला, कारण आत नीट दिसायला हवं होतं. नव्या पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी अर्धचंद्राची एक खूण होती. धाकटा ती अंगठ्यानं चाचपत बसला.

"दादा, हल्लीच्या पिस्टनवर बाण असतो. बाणाचं टोक सायलेन्सरकडे, एवढं मी इंजिनं खोलताना बघून बघून शिकलोय. याला बाण नाही, ही खूण आहे. म्हणजे ही सायलेन्सरकडे येणार. बरोबर ना?"

मिस्त्रीला उत्तर ठाऊक होतं. या एका कारखान्याचं उलटं होतं. यांची खूण कार्बोरेटरकडे जाते. ती सायलेन्सरकडे केली तर रिंगांची चिरलेली तोंडं सिलिंडरच्या भिंतीतल्या सायलेन्सरच्या भोकासमोर बरोबर येतात. पिस्टन वरखाली होताना दर फेरीला रिंग त्या भोकात किंचित फुगते आणि परत आत जाते. हजार वेळा जाते, लाख वेळा जाते, आणि एका फेरीला तिचं तोंड भोकाच्या काठात अडकतं. तरुणपणी त्याच्या स्वतःच्या उस्तादानं मोडकी रिंग त्याच्या तळहातावर ठेवून हे त्याला शिकवलं होतं.

त्यानं डाव्या हाताचं बोट उचललं. बायको दिवा धरून त्याच्याकडेच बघत होती. भाऊ बघत होता. दोघंही त्याच्या एका नखाकडे बघत होती. कित्येक महिन्यांत त्याला इतकं मोठं वाटलं नव्हतं.

टक.

"नक्की ना? एकच आहे हा दादा. पुन्हा मिळायचा नाही."

दुसरी संधी धाकट्यानं आपण होऊन त्याच्या हातात ठेवली होती. मिस्त्रीनं बोट पुन्हा उचललं, आणि पहिल्यापेक्षा जोरात मारली.

टक.

धाकट्याचा चेहरा उजळला. त्यानं पिस्टनची पिन तेलात बुडवून आत सरकवली, दोन्ही बाजूंच्या कड्या बसवल्या, रिंगा बोटांनी दाबून धरल्या आणि सिलिंडर इतक्या हळुवारपणे खाली उतरवला, जसं झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं. बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे करत आवळले. सगळं अगदी मिस्त्रीसारखं. बसवून झाल्यावर तो बराच वेळ नुसता उभा राहिला. "झालं वहिनी," म्हणाला.

रविवारी तो वहिनीबरोबर मिस्त्रीलाही वखारीत घेऊन गेला. बायको म्हणाली होती, कशाला त्यांना एवढ्या उन्हात. तर म्हणाला, "दादाशिवाय झालंच नसतं. त्याला बघू दे."

वखारीत आठदहा कामगार गोळा झाले होते. ओंडका लाकडी घोडीवर लावून ठेवला होता. धाकट्यानं बरोबर मोजून ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. जुनाट, जाड, खर्जातला आवाज. वखारवाल्या बाईनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मग डोळे कोरडे करून ती पुढे आली. "द्या इकडे," म्हणाली आणि वडिलांची करवत हातात घेऊन तिनं पहिला ओंडका कापला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा कापला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. त्याला ते येताना ऐकू येत होतं. आवाजाच्या मागे एक बारीकसा खरखराट, दुसऱ्या कुणाच्याही कानाला लागला नसता असा. अजूनही खुर्चीच्या दांड्यावर तळहात आपटला असता, दोनदोनदा आपटत राहिला असता, तर धाकट्यानं धावत येऊन इंजिन बंद केलं असतं. हात मांडीवरच राहिला.

तिसऱ्या ओंडक्याच्या मध्यावर कडकन् आवाज झाला. साखळी जागच्या जागी थांबली.

धाकट्यानं दोरी ओढली. आत काहीतरी खुळखुळलं. पुन्हा ओढायची त्याची हिंमत झाली नाही.

मग मागून एक कामगार म्हणाला, "मिस्त्रीला विचारून करायचं होतं."

बाईनं धाकट्याकडे पाहिलं. "विचारलं होतंत का त्यांना?"

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. मिस्त्री वाट बघत होता. आता हा बोट दाखवणार. दाखवू दे. कुणाचा विश्वास बसणार? आणि बसला तरी काय, सगळ्यांना कळेल की या बोटाला अजून किती किंमत आहे.

"नाही बाई," धाकटा म्हणाला. "माझ्या मनानंच केलं. चूक माझी आहे."

बायकोनं झटकन् मान वळवून धाकट्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. तिची नजर तिथेच राहिली.

बाई वाईट काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. "खोलून बघा, काही करता आलं तर," एवढंच म्हणाली आणि कामगारांना कामाला लावलं.

करता येण्यासारखं काही नव्हतं. रिंगेचे तीन तुकडे झाले होते. एकानं भोकाचा काठ फाडला होता आणि आरशासारख्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत खोल नांगर फिरला होता. धाकटा तुकडे जुळवत बसला. जुळवता जुळवता त्याला कळलं. तो पिस्टन घेऊन भावाच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला.

"रिंगांची तोंडं भोकासमोर आली दादा. म्हणजे खूण तिकडे हवी होती, कार्बोरेटरकडे." "तुला आठवलं नाही ना?"

मिस्त्रीनं दोनदा मारली. टक टक. नाही. तसं नाही. मला सगळं आठवत होतं, मला अजून सगळं येतं, असं त्याला म्हणायचं होतं.

"नाही आठवलं," धाकटा म्हणाला. "असू दे. इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलायस. मीच तुला उगाच ताण दिला." आणि त्यानं मिस्त्रीच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा.

मिस्त्रीच्या घशातून एक घोगरा आवाज निघाला. टक टक. टक टक. धाकटा उठून पाणी आणायला गेला.

संध्याकाळी धाकटा करवत परत द्यायला वखारीत गेला. बायकोनं मधलं दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसली. इतक्या जवळ, इतकी समोर ती आजवर बसली नव्हती.

"मी विचारते, त्याचं उत्तर द्या. ती खूण कुठे असते, हे तुम्हाला माहीत होतं?"

टक.

"शुक्रवारी, मी दिवा धरला होता तेव्हाही?"

टक.

"म्हणजे मुद्दाम केलंत."

मिस्त्रीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. निदान एका माणसाला तरी कळायला हवं होतं की त्याचं डोकं धडधाकट आहे. त्यानं बोट उचलून अशी टिचकी मारली की नखात कळ गेली.

बायको उठली. "बरं," म्हणाली. कढईत तेल तापत ठेवलं होतं ते बघायला आत गेली. रोज धाकटा भरवायचा तसं तिनं त्याला भरवलं, तोंड पुसलं. मिस्त्रीला वाटलं, ती भावाला सांगेल. दोघं मिळून त्याला शिव्या देतील. त्या रात्री तो चांगला झोपला.

सकाळी धाकटा न्हाऊ घालायला आला तेव्हा ती पाण्याची बादली ठेवत म्हणाली, "भाऊजी, त्यांना आता काही विचारत जाऊ नका."

"का वहिनी?"

"काल तुम्ही गेल्यावर मी सहज विचारून बघितलं. आज वार कोणता? दिवस आहे की रात्र? मी तुमची कोण? सगळी उलटी उत्तरं दिली. बहीण म्हटलं तर एक टिचकी, बायको म्हटलं तर दोन." तिनं पदरानं हात पुसले. "डोकं राहिलं नाही हो त्यांचं. आपल्याला कळायला उशीर झाला, इतकंच."

मिस्त्रीचा हात दांड्यावर आपटू लागला. टक टक. टक टक. टक टक टक. खोटं आहे, ही खोटं बोलतेय, विचार मला, आत्ता विचार.

"बघा," बायको शांतपणे म्हणाली. "हे असं."

धाकट्यानं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन थांबवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "दादा, दादा. बस. काही नाही झालेलं." हात सोडल्याबरोबर पुन्हा आपटायला लागला, म्हणून त्यानं तो बराच वेळ धरून ठेवला. मिस्त्री बायकोकडे बघत होता. ती साबणाची वडी कागदातून काढत होती.

वखारवाल्या बाईच्या करवती आल्या नाहीत. पंप आणि गवताची यंत्रं तेवढी येत राहिली, आणि त्यांवर दुकान चाललं. मिस्त्रीची खुर्ची आता पुढे येत नव्हती. गिऱ्हाइकांसमोर तो आपटाआपट करतो, लोक हसतात, ते बरं दिसत नाही, असं वहिनीनं सांगितलं आणि धाकट्याला पटलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी त्याची जागा झाली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची न रंगवलेली भिंत दिसायची. हात आपटून नख उलटलं, म्हणून बायकोनं दांड्यावर चौघडी करून टॉवेल बांधला. त्यानंतर बोटांचा आवाज होईना.

पावणेदोन महिन्यांनी एका दुपारी मधलं दार उघडं होतं. पुढे टेबलावर फवारणीच्या पंपाचं इंजिन खोललेलं होतं. बायको स्टुलावर बसून सायलेन्सरच्या भोकातून आत डोळा लावून बघत होती.

"तोंड दिसतंय का?" धाकट्यानं विचारलं.

"नाही. नुसती रिंग."

"म्हणजे बरोबर बसला. आवळतो मी." बोल्ट आवळल्याचा आवाज आला, मग दोरीचा. इंजिन चालू झालं, फडफडलं, बंद पडलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. "काय होतंय कळत नाही वहिनी. पेट्रोल तर येतंय."

मिस्त्रीला कळलं होतं. कार्बोरेटरच्या खालची गास्केटची पातळ चकती उलटी बसली होती, तिचं भोक बंद होत होतं. पहिल्या फडफडीतच त्यानं ओळखलं होतं. त्याचा हात टॉवेलवर पडू लागला. एकदा, दोनदा, मग नुसता पडत राहिला, खुर्ची हलेपर्यंत.

धाकट्यानं दारातून डोकावून पाहिलं. "वहिनी, दादाला काही हवंय का?"

"काही नाही," स्टुलावरूनच बायको म्हणाली. "असाच हलतो तो हात. सवय लागलीय."

धाकटा आत आला. त्यानं मिस्त्रीचा हात उचलून मांडीवर ठेवला, चादरीची कडा त्यावरून घेऊन दोन्ही बाजूंनी नीट खोचली आणि पुढे जाऊन कार्बोरेटर पुन्हा खोलायला घेतला.